दूरच्या माणसासाठी दुआ

बनशंकरी, बेंगळुरू

अम्मी, तुला आणि आपल्या चिपळूणच्या घराला सलाम.

समुपदेशनाचं शिक्षण छान चाललंय. जेवण बरं आहे. खोली मोठी आहे, एकटीला जरा जास्तच.

आम्हाला शिकवणाऱ्या सफिया आपा उदास माणसाला सांगतात, दूरच्या कुणासाठी दुआ कर, फरिश्ता म्हणतो, 'तुलाही तेच मिळो.' मानसशास्त्रही म्हणे असंच काहीसं सांगतं. खरं असेल का? मी करून पाहिलं. तुझ्यासाठी शांत झोप मागितली आणि बऱ्याच दिवसांनी मलाच गाढ लागली. तुला लागली का?

अब्बा गेल्यापासून तू माझ्यासाठी काय मागतेस, अम्मी? आज सोबत माग. मीही तुझ्यासाठी तीच मागतेय.

तुझीच,
नाहिदा