रेवाचे तीन मैल

नेपरव्हिल, ७ सप्टें. २००४
नववीत गेल्यापासून रेवाला क्रॉस-कंट्रीचं खूळ लागलंय. शाळा सुटली की रोज गवतातून, चढ-उतारांवरून पळायचं. जिम क्लासला धापा टाकणारी ही माझी मुलगी. आज पहिली शर्यत, तीन मैल. अर्ध्यात बसली, ओकली. घरी येईपर्यंत रडारड. मीच म्हटलं, सोडून दे. तिचा बाबा गाडी चालवत होता.

१५ सप्टें.
नडग्या ठणकतायत. तेल लावून शेकल्या. कोचसाठी चिठ्ठी लिहून दिली, पाय दुखतो, आज पळवू नये. माझी आई मला अशाच चिठ्ठ्या द्यायची, कवायत चुकायची. दोन जिने चढले की मला अजून दम लागतो, ते असो.

२८ सप्टें.
पाऊस, सर्दी. दुसरी चिठ्ठी. तरी संध्याकाळी ही चिखलाने लडबडलेली. "चिठ्ठी दिलीस ना?" तर म्हणे, "इट्स ओके, आई." आणि चार पोळ्या हाणल्या.

९ ऑक्टो., शनि.
सीझनची शेवटची शर्यत. घोट्यापर्यंत चिखल. दोन मैलांवर एक बूट रुतून बसला. थांबली. झालं, संपलं, टॉवेल घेऊन मी निघालेच. तिच्या बाबाने माझा दंड धरला, "थांब गं जरा." पोरीने दुसराही बूट काढून फेकला आणि नुसत्या मोज्यांवर सुटली. शेवटून दुसरी आली. पण पळत आली, तीनही मैल. मी काय ओरडत होते देव जाणे, घसा पार बसलाय. मिठी मारून रडले. ती हसतेय, "आई, यू आर एम्बॅरसिंग मी."

१० ऑक्टो.
तिची बॅग धुवायला काढली. तळाशी माझ्या चिठ्ठ्या, दोन्ही, घडीसुद्धा मोडलेली नाही.
"कोचला का दिल्या नाहीस?"
"मग त्यांनी मला बसवलं असतं ना."
चक्क मराठीत. रागवायला हवं होतं. कार्टीने मला हरवलं, आणि इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१४ नोव्हें.
आता हिवाळ्यात पळायचा फॉर्म आणलाय. बर्फातही बाहेर पळवतात म्हणे. पालकांची सही हवी. "साइन कर ना, तुला चिठ्ठ्या लिहायची सवय आहेच."
अजून केलेली नाही. इथली थंडी म्हणजे काय थट्टा आहे? सकाळपासून तिच्यासाठी कानटोपी विणत बसलेय.