तळाखालून उत्तर

४ ऑक्टोबर
आलो बुवा एकदाचा! जन्मभर बसस्थानकावर गाड्या पुकारल्या, आता बोटीवर देवमासे पुकारायचे. निवृत्त माणसाला आणखी काय हवं? बोटीवर कामाला आम्ही दोघंच, मी आणि कप्तान. गृहस्थ बोलण्यात महाकंजूष. राहायला धक्क्यावरची खोली, फळ्यांच्या जमिनीखाली थेट समुद्र. ही असती तर आधी पडद्यांची मापं घेतली असती. हिला जाऊन वर्ष झालं. मुलाला फोन केला, तो गडबडीत होता.

८ ऑक्टोबर
काम झकास. कप्तान इंजिन बंद करतात, मी पाण्यात माईक सोडतो आणि कर्ण्यातून देवमाशांचं गाणं येतं. उतारू हरखून जातात. कप्तानांचा नियम एकच: आपण ऐकायचं, आपण आवाज करायचा नाही. म्हटलं, घरी तरी दुसरं काय करत होतो? हसलेसुद्धा नाहीत.

११ ऑक्टोबर
आज समुद्र मुका. उतारू जांभया द्यायला लागले. मला कुठलं राहवतंय! वाकून बोटीच्या तळावर गुपचूप टकटक केली. ती कर्ण्यातून घुमली आणि देवमासा समजून लोकांनी टाळ्या पिटल्या. मग तश्शीच टकटक पुन्हा आली. माझे हात तेव्हा खिशात होते.

कप्तानांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच भीती वाटली. सकाळच्या बसने घरी जा म्हणाले, आणि तोवर खालून टकटक आली तरी त्याला उत्तर देऊ नका.

१२ ऑक्टोबर
गेलो नाही. घरी कोण वाट बघतंय? कप्तानांनी बोट बांधून ठेवलीय. समुद्रावर डॉल्फिन नाहीत, पक्षीसुद्धा नाहीत. दुपारपासून खोलीखाली टकटक. कानांवर उशी दाबून—

१३ ऑक्टोबर
मुलाने फोन उचलला नाही. टकटक मधेच थांबते, तेव्हा जास्त भीती वाटते. थांबू नये असं वाटतं. लिहायलाही लाज वाटते.

१४ ऑक्टोबर
कप्तान दार ठोठावून गेले. बस उभी आहे म्हणत होते. मी कडी काढली नाही.

संध्याकाळ. उत्तर दिलं. एकदाच. काय आनंद झाला त्याला! सगळी जमीन थरथरली. मीही हसलो, मोठ्यांदा, कित्येक दिवसांनी.

फळी उचकटतेय. खालून. पाणी पायांना लागलं— गार नाही, कोमट, तोंडातल्यासारखं— अरे, हळू. आहे ना मी इथेच, कुठे जातोय आता— हळू म्हटलं ना— हात सोड, एवढं लिहून