नैरोबीहून चौलपर्यंत

चौल, ३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्योतस अ. आ.

फोनवर बोलले की आई ऐकते, म्हणून हे मेलवर लिहिते. डॉक्टरांनी आशा सोडलीय. दिवसभरात पेजेचे दोन घोट, बस. मात्र रोज विचारते, पोराचं गाव किती लांब हाय? मी सांगते, मधे अख्खा समुद्र, साडेचार हजार किलोमीटर, विमानाला सहा तास. त्यावर म्हणते, मग जेवून निघाला तर दिवेलागणीला पोचतोय की, अडलंय कुठं? तू ये. सामान मात्र कमी आण, मागच्या वेळचा चहा अजून संपला नाही.

वाट पाहणारी,
नलूताई

नैरोबी, ४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रजा मिळाली. गुरुवारी दुपारचं विमान आहे. मुंबईत उतरेन तेव्हा तिथे रात्र असेल, घरी यायला पहाट होईल. आईला सांग, सहा तास नुसते हवेतले, रस्ता वेगळा. तेवढं थांब म्हणावं. चहा आणतोच आहे, खुशाल रागाव.

माया आहे तशी राहू दे.
प्रज्योत

चौल, ८ फेब्रुवारी

चि. प्रज्योतस आशीर्वाद.

तुझा फोन बंद आहे. रागावून नाही, कळत नाही म्हणून विचारते. गुरुवारी दुपार कलताना तू फाटकातून आलास. मला वाटलं, आधीचं विमान मिळालं असेल. हातात सामान नव्हतं. माझ्याकडे न बघता आत गेलास, आईचा हात धरून बसलास. मी चहा टाकला. कप घेऊन आले तर तू नाहीस. शेजारच्या मोरूकाकांना तू वाडीतून समुद्राकडे जाताना दिसलास. त्यांनी हाक मारली, पण तू वळला नाहीस.

आई दिवे लागताना गेली. सकाळपर्यंत तुझ्यासाठी थांबलो, शेवटी काकांच्या भावेशदादाने अग्नी दिला. माणसं विचारतात, घरी येऊन गेलेला मुलगा खांदा द्यायला का थांबला नाही. मी काय सांगू?

असशील तिथे सुखरूप अस.
नलूताई

नैरोबी, ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

आई गेल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. ताई, मी चौलला आलोच नाही. मी नैरोबीतच आहे, दवाखान्यात. विमान जेमतेम समुद्रावर आलं आणि माझं हृदय बंद पडलं. प्रवाशांत एक डॉक्टर होत्या, त्या छाती दाबत राहिल्या. विमान मागे वळवलं. त्या म्हणाल्या, काही मिनिटं तुम्ही नव्हताच. चौलला तेव्हा दुपार कलत असणार.

मला काहीच आठवत नाही. आई माझ्याशी काय बोलली? तू ऐकलंस का?

प्रज्योत

चौल, ९ फेब्रुवारी

चि. प्रज्योतस अनेक आशीर्वाद.

ऐकलं. आधी तिने विचारलं, जेवलास का. मग म्हणाली, मागं जा, हितं न्हाय थांबायचं तुला. असं दोनतीनदा. ती भ्रमात बोलतेय असं वाटून मी दारातून डोकावले. तू तिचा हात सोडत नव्हतास. पेला उचलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, तरी तुझं एकेक बोट उघडून तिने आपला हात सोडवून घेतला.

बरा हो. मग ये, घाई नको.
नलूताई