तिसऱ्या आग्रहाआधी

३ फेब्रुवारी

नेगीन हो म्हणाली. हो! माझा नाच, आणि ती पोरगी सरळ हो म्हणून मोकळी झाली.

तालीम संपली होती, सगळ्याजणी बूट घालत होत्या. आमच्या नाचाच्या बाई, तलअत खानम, खुर्चीतून म्हणाल्या, "ऐका गं. नौरोजचा, नव्या वर्षाचा कार्यक्रम झाला की क्लास बंद. मी मुलीकडे ह्यूस्टनला चालले. शेवटचा एकटीचा नाच फरंगीस करेल." मी अर्थातच म्हटलं, "छे हो खानम, माझी कुठली लायकी! नेगीनसारखी तरुण मुलगी असताना…" त्यांनी पुन्हा आग्रह केला. मी पुन्हा, "नको नको, नेगीनलाच द्या." आता त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायचं आणि मी मान खाली घालून "तुमचा शब्द मोडवत नाही" म्हणायचं. इतकं सरळ आहे. तेवढ्यात नेगीन – "खरंच, मावशी? किती चांगल्या आहात तुम्ही!" आणि गळ्यातच पडली. बाकीच्या बायकांनी बुटांच्या नाड्यांत डोकी घातली.

इथे लॉस एंजेलिसात जन्मलेली पोर. हिला आढेवेढे कशाशी खातात ते काय कळणार.

४ फेब्रुवारी

दाताच्या दवाखान्यात दोन पेशंटना एकच वेळ दिली. डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

माझा नवरा हूमन म्हणतो, "सांगून टाक ना तिला, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं." असं कुणी सांगतं का? तोंडाने केलेला तारूफ, शिष्टाचाराचं 'नको' नि 'घ्या', परत घ्यायचा? आणि हे सांगतोय कोण – ज्याने शेजाऱ्याला "गालिचा आवडला? न्या, तुमचाच" म्हटलं, आणि शेजारी अमेरिकन निघाला! तो गालिचा आजही भिंतीपलीकडे आहे. हूमन रोज शेजाऱ्याला हसून नमस्कार करतो आणि घरात येऊन माझ्यावर चिडतो.

१० फेब्रुवारी

वर शिकवायचंही मीच. खानमचे गुडघे गेलेत, त्या खुर्चीतून नुसत्या भुवया उडवतात.

इतकी वर्षं मी रांगेत नाचले. कधी डावीकडून दुसरी, कधी मागे. इराणात नाचावर बंदी, म्हणून इस्फहानला आईने शिकवलं ते मागच्या खोलीत, खिडकीला ब्लँकेट ठोकून, कॅसेटचा आवाज अगदी बारीक. दारावर थाप पडली की कॅसेट गादीखाली आणि मी भाजी निवडायला. एकटीने, दिव्यांच्या उजेडात, लोकांसमोर – एकदाही नाही. आता बावन्नाव्या वर्षी कोण मला विचारणार? खानम गेल्या की संपलंच.

आणि मी मूर्ख! खानमनी जानेवारीत नुसतं सुचवलं होतं, तर लगेच आईला फोनवर सांगून बसले.

१७ फेब्रुवारी

नेगीनचे हात सुंदर आहेत. हे लिहिताना पेन मोडावंसं वाटतंय.

पण नखरा येत नाही. या नाचाचा जीवच तो – बोलावलं की मागे सरायचं, मान वळवायची, डोळ्यांनी हो आणि खांद्याने नाही. ती आपली हसत पुढे येते, टूथपेस्ट विकायला आल्यासारखी. आज ओरडलेच, "पुढे येऊ नकोस! नको म्हण!"

ती म्हणाली, "पण मावशी, नाचातल्या तिला यायचंच आहे ना? मग नको कशाला म्हणायचं?"

"कारण तसंच असतं!"

खानम खुर्चीत खुसुखुसु हसल्या. मला काही हसू आलं नाही.

२१ फेब्रुवारी

आईने विचारलं, पोशाख कुठला? निळा, म्हटलं.

३ मार्च

तालमीनंतर पार्किंगमध्ये नेगीन गाडीपाशी आली. "मावशी, तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

होतं की! तोंडाशी आलं होतं. म्हटलं, "काही नाही गं, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते." ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग गेली. मी गाडीत बसून स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या.

१७ मार्च

झाला कार्यक्रम. नेगीन मागे सरली, मान वळवली, बायका खुर्च्यांतून उठून ओरडल्या. मी पडद्याआड तिची ओढणी धरून उभी होते आणि पाय आपोआप चालत होते. खानम रडल्या. मला राग आला होता, फक्त राग.

घरी येऊन आईला फोनवर खरं सांगितलं. आई म्हणाली, "कुणी घेतला गं तुझ्याकडून?" मी म्हटलं, एका अडाणी पोरीने.

२० मार्च

नौरोज. नेगीन मोठ्यांना भेटायचं म्हणून मिठाईचा डबा घेऊन आली. दारातच म्हणाली, "मावशी, तो तारूफ होता हे मला तेव्हाच कळलं होतं. आजीने वाढवलंय मला. पण नाच मलाही हवा होता. ठरवलं होतं, तुम्ही एकदा जरी 'माझा आहे, दे' म्हणालात तर त्या क्षणी देईन. पार्किंगमध्ये विचारलंसुद्धा."

मग डबा उघडून पुढे केला. मी सवयीने नको म्हटलं. तिने झाकण लावलं.