मागच्या फाटकाची किल्ली

३ फेब्रुवारी १९८५, रविवार
आज कारंज्याला जाता आलं नाही. मालतीला पत्र टाकलंय, पण ते पोचेल बुधवारी. आज ती स्टँडवर उभी राहिली असणार. लग्नाला चार वर्षं झाली. तिची शाळा कारंज्यात, माझी कचेरी वर्ध्यात. तिच्या बदलीचा अर्ज कुठल्या टेबलावर झोपलाय कोण जाणे. संसार एस.टी.च्या वेळापत्रकावर.

भोपाळच्या वायुकांडानंतर वरून हुकूम आलाय, कारखान्यांशेजारच्या वस्त्यांचे आपत्ती आराखडे तपासा. माझ्या वाट्याला सिंदीकडचा सरकीच्या तेलाचा कारखाना. आत तेल काढायच्या ज्वालाग्राही सॉल्व्हंटच्या टाक्या, एक ठिणगी पुरे. कुंपणाला लागूनच वस्ती.

५ फेब्रु.
आराखडा वाचला. टायपिंग सुबक. ‘भोंगा वाजताच नागरिक पूर्वेस शाळेच्या मैदानाकडे प्रयाण करतील.’ प्रयाण म्हणे! लिहिणाऱ्याने वस्तीत पाय ठेवला नसावा.

८ फेब्रु.
वस्तीत गेलो. गंगूबाई भेटली, नवरा नत्थू टाक्यांच्या शेडमध्ये. इथे सगळं भोंग्यावर चालतं. दुपारचा भोंगा झाला की बायका डबे घेऊन गेटवर. विचारलं, अवेळी वाजला तर?

“मंग तं पळतच जाऊ गेटवर. माणूस आत हाये नं आमचा.”

मैदानाचं नाव काढलं तर माझ्याकडेच बघत राहिली.

१४ फेब्रु.
आराखड्याची रंगीत तालीम. सकाळी साडेदहाला भोंगा. मैदानावर मी, कचेरीतले साहेब आणि दोन शेळ्या. अख्खी वस्ती गेटवर! गंगूबाईच्या हातात अर्धा भरलेला डबा, तिला वाटलं पाळी बदलली. बायकांच्या गर्दीने गेट अडलं, कामगार आतच. मागचं फाटक तेलाचे डबे चोरीला जातात म्हणून कुलूपबंद, किल्ली मॅनेजरच्या खणात. साहेब म्हणाले, लोक अडाणी आहेत. मला राग आला. तरी मान डोलावली, नेहमीप्रमाणे.

१७ फेब्रु., रविवार
कारंजा. मालतीला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. चहा तसाच ठेवून म्हणाली, “मीही गेटवरच आले असते.” मग गाडी लागली. खिडकीशी येऊन काहीतरी म्हणाली ती, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. परत विचारायला हवं होतं. आठ दिवस आता तेच.

२१ फेब्रु.
पुन्हा वस्ती. गंगूबाईनेच उपाय सांगितला. “आतले माणसं मागून मैदानात जाऊ द्या. थे तिथं दिसले का आमी बी तिकडंच. सांगाचं कामच नाई.”

एवढं सोपं. फक्त ते फाटक उघडं हवं. निघताना विचारते, साहेब, तुमची बाई कुठं राह्यते? म्हटलं, कारंज्याला. ती म्हणाली, “मंग तुमी कोणत्या गेटवर जाता?”

सायकल घेऊन निघालो. रस्ताभर मा.ची फार आठवण येत होती, लाज वाटावी इतकी.

२५ फेब्रु.
टिपणी दिली: मागचं फाटक चोवीस तास उघडं ठेवावं, कामगारांनी तिथून मैदानावर जावं. साहेबांनी ते वाक्य खोडलं, मॅनेजर ऐकणार नाही म्हणून. मी दुपारी शाईने पुन्हा लिहिलं, खाली सही केली आणि त्यांच्यापुढे ठेवलं. सर्व्हिसमध्ये प्रथमच. साहेबांनी शिक्का मारला. कागद कारखान्याकडे गेला.

२७ फेब्रु., बुधवार
कारखान्याचं उत्तर: विचाराधीन. मा.च्या बदलीचंही तेच. फाटकाला कुलूप तसंच, सकाळी जाऊन बघून आलो. नत्थू आत होता. उद्या परत जाऊन मॅनेजरच्या टेबलासमोर बसणार, तो किल्ली देईपर्यंत.

आज मात्र अर्धी रजा. दुपारची आर्वीची गाडी, पुढे कारंजा; पहाटेच्या गाडीने परत. रविवार नसताना मला दारात बघून मा. घाबरेल. तिच्यासाठी अवेळी वाजलेला भोंगाच तो. तरी जातोय.