शेटच्या घरची दिवेलागण

मुंबई, कार्तिक महिना

आयेच्या पायावर गेणबाचं डोकं. पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना रामराम.

मी हितं बरा हाय. शेटच्या बंगल्यात पाणी भरतो, भांडी घासतो. जेवण पोटभर, पण भाताला आपल्यासारखा वास न्हाई. चाळीतल्या खोलीत आमी दहा-अकरा जण एका चिमणीच्या उजेडात निजायची जागा शोधतो. शेटकडं मात्र बटण दाबलं की अख्खा बंगला उजळतो.

परवा सांजच्याला शेटाणीबाईंनी बटण दाबलं आन् घरी दिव्याला जोडतो तसे माझे हात आपसूक जोडले गेले. शेटची पोरं लई हसली. मीबी हसलो. मग सांगितलं, ही बिजली आमच्या मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर बनती, आन् त्या पाण्याखाली आमचं भाताचं खाचर हाय. शेटची म्हातारी आई पोरांना म्हणाली, "हसू नका, हात जोडा."

मामाच्या घरी तुला करमतं का? तू रोज धरणाच्या काठाला जाऊन बसतीस म्हणं. नगं जाऊस, चढानं गुडघा दुखंल. खाचराची काळजी करू नगंस. दिवेलागणीला मी हितं बघतो त्याच्याकडं.

तुझा गेणबा