करार आधी, गाद्या नंतर

२ मार्च
पहिला क्लायंट मिळाला. चौकातलं गाद्यांचं दुकान. मालक भला माणूस, पण घायकुता. म्हणाले, दुकानात माशा मारत बसलोय, उद्यापासून मार्केटिंग सुरू करा. मी शांतपणे सांगितलं, आधी करार, मग काम. ते गप्प झाले. इम्प्रेस झाले असणार.

जुन्या ऑफिसात धड करार नसायचे, म्हणून 'लोगो जरा मोठा करा' ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शेवटी साहेबांनी राजीनामा मागितला आणि मी दिला. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत झालं.

हिला बातमी सांगितली. म्हणाली, छान, पण महिनाअखेरपर्यंत सही झालेलं काम दिसलं नाही तर आपण नोकरी शोधायची. 'आपण' म्हणजे मी. महिना कशाला? आठवडा पुष्कळ झाला.

५ मार्च, सकाळ
व्याख्यांमध्येच अडकलोय. 'गादी' म्हणजे काय? उशी त्यात येते का? उद्या हे म्हणतील, उशांचीही जाहिरात करा. फोन करून स्पष्ट विचारलं. म्हणाले, अहो, उशी मी गादीबरोबर फुकट देतो. म्हणजे मामला आणखी किचकट. फुकट वस्तूंसाठी वेगळं कलम लागणार.

५ मार्च, संध्याकाळ
उशीचं कलम झालं. स्वतःलाच वाचून दाखवलं. सुंदर.

९ मार्च
गादीवाले न सांगता घरी हजर. मी आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर कलमं लिहीत ऐन रंगात होतो. हिला म्हटलं, सांग, मी मीटिंगमध्ये आहे. ही त्यांच्याशीच बोलत बसली. फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते, त्यामुळे पाठदुखीचा विषय निघाला की हिला आवरणं कठीण. बाहेरून हसण्याचे आवाज. माझ्या एकाग्रतेचं वाटोळं. नवं कलम: ग्राहकाने सेवादात्याच्या घरच्यांशी गप्पा मारू नयेत.

१३ मार्च
मेहुण्याला मसुदा दाखवला. वकील आहे. वाचून म्हणाला, भाऊजी, त्यांच्या गाद्या विकायच्या आहेत की त्यांना अटक करायची आहे? एक पान पुरे, म्हणाला. वर 'अपरिहार्य कारणे' या कलमात हात घातला. तिथे मी भूकंप, पूर, युद्ध आणि 'सेवादात्याला काही न सुचणे' असं लिहिलं होतं. नेमकं शेवटचं त्याने खोडलं. तो गेल्यावर परत घातलं. भूकंप काय रोज होतात?

१८ मार्च
संतापजनक प्रकार. दुकानावरून जात होतो, तर दाराशी चपला-बुटांचा ढीग. आत गाद्यांवर माणसं आडवी. एक आजोबा चक्क घोरत होते. दारावर हाताने लिहिलेला कागद: 'बूट काढा, पंधरा मिनिटं झोपून बघा. कोणी काही विकायला येणार नाही.' करार नाही, सही नाही आणि मार्केटिंग सुरू. गादीवाल्यांना विचारलं, ही कोणाची आयडिया? म्हणाले, वहिनींची. आणि हळू बोला, लोक झोपलेत.

घरी हिला जाब विचारला. म्हणाली, क्लिनिकमध्ये येणारा दर दुसरा माणूस सांगतो, दुकानात नुसती हाताने दाबून गादी घेतली आणि पाठ गेली. तेच त्यांना सांगितलं. मी समजावलं, याला स्ट्रॅटेजी म्हणत नाहीत. म्हणाली, नसतील म्हणत.

'विनापरवाना सल्ला' हे कलम जोडलं.

२४ मार्च
करार पूर्ण. स्पायरल बाइंडिंग करून स्वतः नेऊन दिला. गादीवाल्यांनी उभ्या उभ्या बरीच पानं चाळली. म्हणाले, बाप रे, यातून कोणी सुटूच शकणार नाही. शाबासकीच ती. कॉम्प्युटरवरची फाइलही मागून घेतली. आता सही म्हणजे औपचारिकता. हिला सांगून टाकलं, नोकरीचा विषय बंद.

२७ मार्च
फोन नाही. बिझी असतील. दुकानात गर्दी असते हल्ली. मीच फोन करणार होतो, पण आपण कशाला मागे लागायचं?

३० मार्च
आले. करार घेऊनच आले. आल्या आल्या पेन मागितलं. मी माझं ठेवणीतलं पेन काढून दिलं आणि पहिलं पान उघडलं. सेवादात्याच्या जागी हिचं नाव.

गादीवाले म्हणाले, तुमचा करार एवढा कडक, म्हटलं नवा कशाला करायचा? फक्त नाव बदललं.

मी हिच्याकडे बघितलं. म्हणाली, मी त्यांना सांगितलं होतं, आधी ह्याला विचारा. ते म्हणाले, साहेब सारखे मीटिंगमध्ये असतात. परवापासून तुला सांगायचं म्हणतेय, पण तू इतका खुशीत होतास.

मग ही खुर्ची ओढून बसली आणि माझंच पेन घेऊन एकेक कलम वाचायला लागली. हे कशाला, असं त्यांना विचारायची. ते म्हणायचे, मलाही कळलं नाही. की मारली काट. उशी गेली. लोगो गेला. भूकंप गेला. माझ्या महिन्याभराच्या मेहनतीतलं जेमतेम एक पान उरलं. आधी राग आला. मग नुसतंच वाईट वाटलं, कारण उरलेलं पान वाचलं आणि ते बरं होतं.

दोघांनी सह्या केल्या. मी म्हणून पाहिलं, चला, महिनाअखेरच्या आत घरात सही झालेलं काम तर आलं. ही चहा टाकायला आत गेली.

गादीवाले म्हणाले, साहेब, इथे साक्षीदाराची सही राहिली. केली. सहीखाली हुद्दा लिहायचा होता. बराच वेळ पेन हातात धरून बसलो.

'नवरा' असं लिहिलं.